उशिरा पेरलेले राज्य

एका राज्यात वसंत आला आणि त्याला कुणी दार उघडले नाही. आंबा आपल्या वेळी मोहरला, पळस आपल्या वेळी पेटला, कारण झाडांना कुणाचा हुकूम लागत नाही. पण परसे ओस पडली होती. वाफ्यात भेंडी नव्हती, मांडवावर दोडका नव्हता, कुंपणाशी झेंडू नव्हता. माती उन्हात पडून होती आणि तिला भेगा पडू लागल्या होत्या.

त्या राज्याची रीत अशी, की माघात वसंतपंचमीला राजाने वाड्याच्या बागेत आपल्या हाताने पहिले बी मातीत घालावे. मग नगारा वाजावा, आणि तो ऐकून घरोघरच्या बायकांनी पदर खोचून परसात उतरावे. ही रीत कुणाच्या आठवणीत मोडली नव्हती. त्या वर्षी मोडली.

झाले असे, की मार्गशीर्षात राणी चारुमती तीन दिवसांच्या तापाने गेली. राजा भद्रसेन तिच्या महालात शिरला तो बाहेर आला नाही. वसंतपंचमीला प्रधान दाराशी जाऊन उभा राहिला, तेव्हा आतून एवढेच उत्तर आले, की मी सांगेपर्यंत राज्यात कुणी बी पेरू नये.

त्या बागेची माळीण होती दवणा. पन्नाशी उलटलेली, उन्हाने रापलेली. बी चिमटीत धरून ते किती वर्षांचे हे सांगणारी. राणी लग्न होऊन आली त्या वर्षापासून दोघी शेजारी शेजारी उकिडव्या बसून आळी करीत आल्या होत्या. राणीच्या नखांत माती असे, आणि दरबारात जाताना ती हात पदराखाली घेई. हुकूम ऐकला तेव्हा दवणेला राग आला नाही. खरे सांगायचे तर तिला सुटल्यासारखे झाले. राणीवाचून वाफ्यात उतरायला तिचाही पाय उचलत नव्हता. तिने खुरप्यांना तेल लावले, टोपल्या उन्हात घातल्या, आणि बागेच्या खोपीत गुडघ्यांना मिठी मारून बसून राहिली. माघ गेला. फाल्गुन गेला. मोहोर झडला, पळस विझला.

चैत्रात एके सकाळी एक मधमाशी तिच्या लुगड्यावर येऊन बसली. लुगड्यावर छापाची फुले होती. माशी एका फुलावरून दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर गेली, आणि मग तिथेच पंख मिटून पडली. दवणेने तिला गुळाच्या पाण्याचे बोट लावले, तेव्हा कुठे ती हलली. त्या सकाळी दवणा उठली. हुकूम मोडायचा असे तिने ठरवले, आणि मूठभर भेंडीचे बी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली. बी होते तसे होते. तिसऱ्या दिवशीही तसेच. मग तिने गवार भिजवून पाहिली, काकडी पाहिली, लाल माठ पाहिला, झेंडू मातीत टाकून पाहिला. कशालाच मोड येईना. शेवटी तिने दुधीचे एक बी दातांनी फोडले. आतला गर पांढरा, ताजा, गोड होता. बी मेलेले नव्हते. झोपलेले होते.

ती गावात गेली आणि एकेका घरी हळूच विचारू लागली. तेव्हा कळले, की महिनाभर प्रत्येक घर शेजाऱ्याला न कळू देता चोरून पेरत आले होते, आणि एकाच्याही वाफ्यात काडी उगवली नव्हती.

दवणा परत येऊन उंबराखाली बसली. वर तांबट पक्षी बसला होता. कपाळ लाल, गळा पिवळा. तो फांदीवर टुक टुक करीत होता. थोड्या वेळाने तो थांबला आणि माणसासारखा बोलला.

“माळीणबाई, बियांची जाग इथे नाही. ती घटात भरून निजेच्या पठारावर नेली आहे. तिथे निद्रानाथ राहतो.”

दवणेने विचारले, की ती परत आणता येते का. तांबट म्हणाला, की वैशाखाच्या तिजेपर्यंत येते. त्या दिवशी सूर्य माथ्यावर आला, की राज्यातले एकूण एक बी खडा होईल, आणि मग पुढल्या वर्षीही काही पेरता येणार नाही, त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. तिजेला सोळा दिवस उरले होते. दवणेने दशम्या बांधल्या, खुरपे कमरेला खोचले आणि ती निघाली. तांबट तिच्या खांद्यावर बसला. रोज सकाळी, जितके दिवस उरले असतील तितक्या वेळा तो टुक टुक करी, म्हणजे दवणेला हिशेब राही.

तीन दिवस चालल्यावर पठार आले. तिथे सदा पहाटच असे. उजेड फुटायच्या बेतात असे आणि फुटत नसे. गवत दवाखाली वाकून निजले होते. हरणे उभ्या उभ्या निजली होती. एका झोपडीच्या चुलीतून निघालेला धूर छपराच्या वर वीतभर जाऊन तिथेच निजला होता. त्या झोपडीच्या ओट्यावर निद्रानाथ बसला होता. त्याच्या जटा पायांपर्यंत आल्या होत्या आणि डोळे अर्धे मिटलेले होते. शेजारी मातीचा एक घट होता, तोंडाला मेण लावलेला. आतून बारीक गुणगुण ऐकू येत होती, पोळ्यातून येते तशी.

दवणेने नमस्कार केला आणि बियांची जाग मागितली.

“मी ती चोरलेली नाही,” निद्रानाथ म्हणाला. “तुझ्या राजाने मला बोलावून दिली. राणीने गुंफायला घेतलेला अबोलीचा गजरा अर्धा राहिला होता. तो कधी सुकू नये असे त्याने मागितले. एक फूल कायम ताजे ठेवायचे, तर एका राज्याची जाग लागते. मी तसे सांगितले. तो म्हणाला, ने.”

त्या गजऱ्यासाठी फुले दवणेनेच तोडून दिली होती.

निद्रानाथ पुढे म्हणाला, की घट हवा असेल तर तीन कामे करावी लागतील. कामे अवघड नाहीत. पण ज्या कामात घाई होईल ते काम पहिल्यापासून करावे लागेल.

पहिले काम पाण्याचे होते. झोपडीमागच्या विहिरीतून एक घागर भरून आणायची. दवणेला वाटले, एवढेच ना. ती घागर घेऊन लगबगीने गेली. तिची पावले ऐकून पाणी खाली गेले. तिने दोर सोडला, पाणी आणखी खाली गेले. दोर संपला तेव्हा तिने लुगड्याचा पदर फाडून जोडला, आणि तोही कमी पडला. रागावून तिने एक खडा टाकला, तर त्याचा आवाज पोचायला अर्धा दिवस लागला. असे दोन दिवस गेले. तांबट रोज टुक टुक करून दिवस मोजी.

तिसऱ्या दिवशी ती थकून विहिरीच्या काठावर बसली. लुगड्याला कुसळे लागली होती, ती एकेक करून काढू लागली. काढता काढता आळी करताना गुणगुणायची तिची जुनी सवय जागी झाली. किती वेळ गेला ते तिला कळले नाही. पायांना गार लागले म्हणून तिने खाली पाहिले, तर कोण गुणगुणते आहे ते पाहायला पाणी काठापर्यंत वर आले होते. दवणेने हळूच घागर बुडवली आणि भरून नेऊन ओट्यावर ठेवली. निद्रानाथ पोटभर पाणी प्याला. म्हणाला, “एक झाले.”

दुसरे काम त्याहून सोपे दिसत होते. निद्रानाथाने तिच्या तळहातावर एक निजलेले फुलपाखरू ठेवले. ते आपण होऊन जागे होईपर्यंत हात हलवायचा नाही, एवढेच. दवणा गवतात बसली. तिथे भूकही निजलेली होती, त्यामुळे तिला भूक लागली नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. खांद्यावरची टुक टुक कमी कमी होत चालली. तिच्या मनात वाफे येत, उन्हे येत, गावातल्या बायकांचे चेहरे येत, आणि हात थरथरू पाही. ती कोपर दुसऱ्या हाताने घट्ट धरी.

पाचव्या दिवशी तिने वाफ्यांचा विचार सोडून दिला. करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा राणी आठवली. राणी गेली त्या दिवसापासून दवणेने तिला आठवू दिले नव्हते. चितेला फुले कमी पडू नयेत म्हणून ती धावत होती. मग तेराव्याची पाने, मग खोपीतली ती खुरपी. आता राणीचा ओला हात आठवला, शिंकेसारखे तिचे अचानक येणारे हसू आठवले, तापात तिने विचारलेले आठवले, की दवणाबाई, यंदा मांडव कुठल्या बाजूला घालू या. दवणेने तेव्हा उत्तर दिले नव्हते. ताप उतरला की बोलू असे म्हणाली होती.

“पूर्वेला घालू या, राणीसाहेब,” ती त्या पहाटेत मोठ्याने म्हणाली, आणि रडू लागली. दोन दिवस ती रडत होती. सगळे अंग हलले, पण हात हलला नाही. सातव्या दिवशी फुलपाखराने पंख उघडले, एकदा मिटले, पुन्हा उघडले आणि ते उडून गेले. त्याच्या मागे एक हरीणही जागे होऊन चार पावले चालले आणि पुन्हा निजले.

“दोन झाली,” निद्रानाथ म्हणाला. त्याने घट उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. “तिसरे काम इथले नाही. ज्याने हा भरला त्यानेच तो फोडायचा. आणि फोडल्यावर काय होईल ते त्याला आधी सांगायचे. लपवलेस तर घटातून काही निघणार नाही.”

परतीची वाट तीन दिवसांची होती. दवणा घट सांभाळत, न धावता चालली. तिजेच्या सकाळी ती वेशीत शिरली, तेव्हा तांबटाने एकदाच टुक केले.

ती राणीच्या महालाशी गेली. तीस वर्षे त्या वाड्यात काम करून तिने त्या महालाचा उंबरठा ओलांडला नव्हता. पहारेकऱ्याने तिच्या डोक्यावरच्या घटाची गुणगुण ऐकली आणि तो बाजूला झाला. आत खिडक्यांना पडदे होते. चंदेरी तबकात अबोलीचा अर्धा गजरा होता. केशरी फुले आत्ता तोडल्यासारखी टवटवीत, दोऱ्याचे टोक सुटलेले, शेजारी न गुंफलेला एक अख्खा तुरा. समोर राजा बसला होता. त्याची दाढी छातीपर्यंत वाढली होती.

दवणेने घट खाली ठेवला आणि जे होते ते सांगितले. बी झोपले आहे. आज सूर्य माथ्यावर आला की ते खडा होईल. घट तुम्हीच फोडायचा आहे.

राजाने घटाकडे पाहून विचारले.

“हा फुटला तर गजऱ्याचे काय होईल?”

“सुकेल, महाराज. क्षणात सुकेल.”

“हे तू मला न सांगतीस, तर मी कदाचित फोडलाही असता.”

“होय, महाराज.”

राजाने तबक जवळ ओढले. म्हणाला, की त्या गाठी तिने मारलेल्या आहेत. शेवटची गाठ मारताना ती उठली आणि म्हणाली होती, अंग कसकसते आहे, जरा पडते. यापुढे तिच्या हातचे काही उरणार नाही. पेरा म्हणतेस, पण लोकांनी एक वर्ष भाजी खाल्ली नाही तर काय बिघडेल, असे मला वाटले होते. बी कायमचे जाईल हे मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक असते, तरी त्या दिवशी मी होच म्हटले असते.

दवणेने त्याला दोष दिला नाही. ती भुईवर बसली. मग तिला आठवले ते तिने सांगितले.

“महाराज, कालचा गजरा राणीसाहेब काय करायच्या, ठाऊक आहे?”

राजाला ठाऊक नव्हते. रोज सकाळी तिच्या केसांत नवा गजरा दिसे, एवढेच त्याने पाहिले होते.

“सकाळी बागेत यायच्या. कालचा गजरा काढून अबोलीच्या बुंध्याशी घालायच्या, वर माती ओढायच्या. म्हणायच्या, जिचे तिला. मग नवी फुले तोडायच्या.”

“रोज?”

“रोज. वीस वर्षे.”

राजा उठला. तबक एका हातात घेतले, घट दुसऱ्या काखेत घेतला आणि तो अनवाणी बाहेर पडला. उन्हाने त्याचे डोळे दिपले, तशी दवणेने त्याला कोपराला धरून पायऱ्या उतरवल्या. बागेत प्रधान आला, पाणके आले, कुंपणापलीकडे गावातले लोक गोळा झाले. सूर्य माथ्यापासून चार बोटांवर होता. राजाने तबक अबोलीच्या जुन्या वाफ्याशी ठेवले. घट दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला आणि दगडावर आपटला.

दुपारची झोप काढून भरले घर एकदम उठावे, तसा आवाज झाला. माणसे कुशीवरून वळतात, कुणी जांभई देते, कुणी पाणी मागते, तसा. तो आवाज वाड्यावरून गेला, गावावरून गेला, आणि राज्याच्या टोकापर्यंत डबे, मडकी, गाडगी, कनग्या यांतून बारीक सळसळ उठली. आणि तबकातली केशरी फुले तपकिरी झाली, मग काळी झाली, मग हात लावण्याआधीच त्यांचा भुगा झाला. उरला एक दोरा, त्याच्यावर एकोणतीस गाठी, आणि तो न गुंफलेला तुरा, वाळून खडखडीत झालेला.

राजा गुडघ्यांवर बसला. त्याने दोरा उचलला, तुरा उचलला, आणि आता काय करावे ते त्याला कळेना. दवणेने पाणक्याकडून तांब्या घेतला आणि तुऱ्यावर चार थेंब शिंपडले.

टक्, असा आवाज झाला. मग टक् टक् टक्. अबोलीचा वाळका तुरा पाणी लागले की फुटतो आणि बी चौफेर उडते, हे दवणेला ठाऊक होते. राजाला ठाऊक नव्हते. एक बी त्याच्या कपाळावर लागले, एक दाढीत अडकले, बाकीची मातीत पडली. तो इतका दचकला, की त्याच्या तोंडून हसू निघाले, आणि हसू संपायच्या आत तो रडू लागला. मग त्याने बोटाने मातीत खळगा केला, दाढीतले बी काढून त्यात घातले आणि माती लोटली.

नगारा वाजला. जवळजवळ तीन महिने उशिरा वाजला.

त्या दिवशी राज्यात कुणी घरात थांबले नाही. दवणा दिवसभर गावातून हिंडत होती आणि सांगत होती, की उन्हे कडक झाली आहेत, तेव्हा बी जरा खोल घाला. आळ्यांवर पाला पसरा. सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, दुपारी देऊ नका. कोथिंबिरीला सावली करा. मांडव तिने पूर्वेला घालून घेतला. सहाव्या दिवशी भेंडीने मान वर काढली, सातव्या दिवशी काकडीने.

सगळेच भरून आले असे नाही. त्या वर्षी मटार झाला नाही, आणि कोबीचे गड्डे लिंबाएवढे राहिले. दोडका इतक्या उशिरा लागला, की पावसात भिजत तोडावा लागला. झेंडू मात्र असा फुलला, की मधमाश्यांना घरी जायची शुद्ध राहिली नाही. निजेच्या पठारावर, म्हणतात, त्याच दिवशी उजेड फुटला, हरणे चरायला गेली, आणि निद्रानाथ कूस बदलून खराखुरा निजला. राजा दाढी करून दरबारात बसू लागला. रोज सकाळी तो बागेत येई, आणि अबोलीच्या वाफ्यातले तण काढता काढता दवणेला राणीविषयी काहीबाही विचारी. दवणा सांगे. ठाऊक नसेल तर नाही म्हणे.

पहिली भेंडी वाड्यात शिजली त्या दिवशी राजाने नवा हुकूम काढला. हुकूम असा, की पेरणीच्या दिवसांत ज्या घरचे कुणी गेले असेल, त्या घरची आळी शेजाऱ्यांनी आधी करावीत, आणि मग आपल्या परसात उतरावे. दुःखातल्या माणसाला आठवण करू नये, विचारू नये. नुसते जाऊन पेरावे.

तीन वर्षांनी माघातच दवणेची थोरली बहीण वारली. दवणा तेरा दिवस बहिणीच्या गावी होती. परत आली ती थेट चुलीपाशी बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. उन्हे उतरल्यावर पाणी टाकायला म्हणून ती मागल्या दारी गेली, आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या परसात सात आळी होती, काठ थापून नीट केलेली. दोन आळ्यांत मोड वर आले होते. सातवे आळे जरा वाकडे होते, आणि त्याच्या कडेला ओल्या मातीत कुणीतरी बराच वेळ गुडघे टेकून बसल्याचे दोन ठसे होते, आणि त्यांच्यामागे राजमुद्रेच्या जोड्याचा माग.

दवणेने तांब्यातले पाणी त्या आळ्यात घातले.

असे ते राज्य उशिरा पेरले आणि पोटभर जेवले. ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्या परसातही वेळेला मोड येवोत, आणि वेळ टळली तर उशिरा येवोत.